उठतो आणि लगेच झोपतो : टॅब्लेटच्या पॉवर बटणाचा कर्नल ड्रायव्हर दुरुस्त करताना

सावद्याच्या एका केळी पॅकहाऊसमध्ये वजनाच्या नोंदी ठेवण्यासाठी वापरला जाणारा एक जुना टॅब्लेट गेल्या उन्हाळ्यात जळगावला माझ्या टेबलावर आला. त्यावर लिनक्स मीच बसवून दिले होते, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच येणार हे उघड होते. पॅकहाऊसच्या दिवाणजींनी ती एका वाक्यात सांगितली : "भाऊ, बटण दाबलं की हा उठतो अन् लगेच झोपतो." दोष नेमका कुठे आहे याची निम्मी माहिती त्या वाक्यातच होती, मात्र मी ते नीट ऐकले नाही आणि दोन संध्याकाळी भलत्याच जागी खणत बसलो. ती चूक पुढे सांगणारच आहे, कारण नवखा माणूस हमखास तीच करतो.

हा लेख ज्यांना टर्मिनलवर काम करता येते, सी भाषेतला छोटा प्रोग्राम कंपाइल करता येतो, पण ज्यांनी कर्नलच्या कोडला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. आज्ञा, फाइली आणि ड्रायव्हर यांची नावे येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

बटणापासून पडद्यापर्यंतची वाट

कोडला हात लावण्यापूर्वी बटणाचा दाब कोणकोणत्या हातांतून जातो हे समजून घेणे आवश्यक आहे. पॉवर बटण म्हणजे एक साधा स्विच असतो आणि बहुतेक टॅब्लेटमध्ये तो दाबल्यावर एक तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडली जाते. ही तार कधी प्रोसेसरच्या जीपीआयओ पिनेवर, म्हणजे साधे चालू-बंद संकेत घेणाऱ्या पिनेवर, जाते, कधी बॅटरी आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या पीएमआयसी या वेगळ्या चिपवर जाते, आणि कधी एकाच वेळी दोन्हीकडे जाते. पिनेवरचा व्होल्टेज बदलला की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, उठतो, त्या इंटरप्टची जबाबदारी घेतलेला ड्रायव्हर जागा होतो आणि कर्नलच्या इनपुट यंत्रणेला "११६ क्रमांकाची कळ दाबली गेली" असे कळवतो. ११६ हा लिनक्समध्ये पॉवर कळीचा ठरलेला क्रमांक आहे. आवाज कमी करण्याच्या कळीचा ११४ आणि वाढवण्याच्या कळीचा ११५. बटण सोडल्यावर हीच वाट पुन्हा चालली जाते, फक्त या वेळी कळवले जाणारे मूल्य १ ऐवजी ० असते.

येथे ड्रायव्हरचे काम संपते. टॅब्लेट झोपवायचा, बंद करायचा की पडद्यावर विचारणा करायची, हे ड्रायव्हर ठरवत नाही. तो निर्णय वरच्या थरातील सिस्टमडी-लॉगिनडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा किंवा डेस्कटॉप घेतो. लॉगिनडीची मूळ मांडणी पॉवर कळ दाबल्यावर यंत्र सरळ बंद करण्याची आहे, आणि अनेकांना जो ड्रायव्हरचा दोष वाटतो तो प्रत्यक्षात एवढाच असतो. लॉगिनडीच्या मांडणीच्या फाइलीत एक शब्द बदलून जो प्रश्न सुटतो त्यासाठी कर्नल कंपाइल करत बसणे म्हणजे शेळीच्या शोधात अख्खा सातपुडा पालथा घालण्यासारखे आहे, आणि शेळी तर गोठ्यातच बांधलेली असते.

बटण बराच वेळ दाबून धरल्यावर टॅब्लेट एकदम काळा पडतो, तेही ड्रायव्हरचे काम नाही. ती सक्तीची वीजबंदी पीएमआयसी स्वतः करते. एएक्सपी कुळातील पीएमआयसीमध्ये त्यासाठी ४, ६, ८ किंवा १० सेकंदांची मुदत निवडता येते आणि संबंधित ड्रायव्हर ती मुदत सिसएफएसमधील, म्हणजे कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधील, एका फाइलीतून बदलू देतो. कर्नल पूर्ण गोठला तरी ही सोय चालू राहते, म्हणून प्रयोग करताना तीच शेवटचा आधार ठरते.

पूर्वतयारी

जुना, चालू स्थितीतला कर्नल बूट मेनूमध्ये शाबूत ठेवावा. टॅब्लेटला यूएसबी कीबोर्ड जोडावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत शिरण्याची वाट तयार ठेवावी, कारण ज्या बटणाने यंत्र जागे होते त्याच बटणाच्या ड्रायव्हरवर आपण शस्त्रक्रिया करणार आहोत. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त भरलेली असावी. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि मॉड्यूल, म्हणजे कर्नलला वेगळा जोडता येणारा ड्रायव्हरचा तुकडा, बसवण्याच्या मध्यावर यंत्र बंद पडणे कोणालाच परवडणारे नाही. कर्नल टॅब्लेटवर कंपाइल करू नये. तो तासन्‌तास चालतो, यंत्र तापते, आणि भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तर पंख्याविना असलेला टॅब्लेट स्वतःच वेग कमी करून घेतो. हे काम घरच्या संगणकावर करून तयार मॉड्यूल तेवढे टॅब्लेटवर न्यावे.

सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त स्वाक्षरी असलेला कोड चालू देणारी सोय, चालू असेल तर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारू शकतो. प्रयोगापुरते ते फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रात कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रामच्या, मांडणीतून बंद ठेवावे.

दोष कोणत्या थरात आहे हे ठरवणे

माझ्या मते सगळ्या कामात सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. प्रथम वरच्या थराला बाजूला करावे, नाहीतर तपासणीसाठी बटण दाबताच टॅब्लेट झोपी जाईल आणि काहीच पाहता येणार नाही. त्यासाठी सिस्टमडी-इनहिबिट ही आज्ञा आहे. तिला पॉवर कळीची हाताळणी रोखायला सांगून तिच्याच पुढे इव्हटेस्ट हा इनपुट यंत्रांच्या घटना दाखवणारा प्रोग्राम चालवला की तो प्रोग्राम चालू असेपर्यंत लॉगिनडी बटणाकडे दुर्लक्ष करते. इव्हटेस्टला ग्रॅब हा पर्याय दिला तरी चालते. मग त्या इनपुट यंत्राच्या घटना फक्त इव्हटेस्टलाच मिळतात. मात्र एका यंत्राला असे धरून ठेवले तरी दुसरे यंत्र मोकळेच राहते, म्हणून मी पहिली पद्धत वापरतो.

इव्हटेस्ट सुरू होताच इनपुट यंत्रांची यादी दाखवतो. त्या यादीत पॉवर कळीशी संबंध असू शकेल अशी नावे शोधावीत. जीपीआयओ-कीज हे नाव असेल तर कळ प्रोसेसरच्या पिनेवर आहे. एएक्सपी२०एक्स-पेक असेल तर ती पीएमआयसीमार्फत येते. नुसते पॉवर बटन असे नाव असेल तर ते एसीपीआय या फर्मवेअर-यंत्रणेचे बटण आहे. इंटेल एचआयडीच्या नावाने पाच बटणांचा संच दिसला तर तो आणखी वेगळा ड्रायव्हर आहे. यांपैकी प्रत्येकासाठी वेगळी टर्मिनल खिडकी उघडून इव्हटेस्ट चालू ठेवावा आणि मग बटण एकदाच, नेहमीच्या जोराने, दाबून सोडावे.

कोणत्या खिडकीत काय उमटते हे कागदावर लिहून ठेवावे. निरोगी बटणाच्या बाबतीत एकाच खिडकीत ११६ या कोडची मूल्य १ असलेली ओळ उमटते, आणि बोट उचलल्यावर मूल्य ० असलेली दुसरी ओळ उमटते. दोन्हींमधील काळ हा तुमचे बोट बटणावर जितका वेळ होते तितकाच असतो. दोन खिडक्यांत ओळी उमटल्या तर एक दाब दोनदा कळवला जात आहे. दाबल्यावर ० आणि सोडल्यावर १ असे उलटे दिसले तर पिनेची ध्रुवता, म्हणजे बटण दाबलेले असताना व्होल्टेज उच्च असतो की निम्न, ती चुकीची सांगितली गेली आहे. १ आणि ० यांच्यात जवळजवळ काहीच अंतर नसेल, मग बोट कितीही वेळ ठेवा, तर तो बहुधा एसीपीआय बटणाचा ड्रायव्हर आहे. फर्मवेअरकडून एकच सूचना आली की तो दाबणे आणि सोडणे लागोपाठ कळवून मोकळा होतो, आणि म्हणूनच अशा यंत्रावर वरच्या थराला लांब दाब कधीच ओळखता येत नाही.

कोणत्याच खिडकीत काही उमटले नाही तर एक पायरी खाली उतरावे. प्रॉक फाइल-यंत्रणेतील इंटरप्ट्स नावाची फाइल वाचावी, बटण दाबावे, पुन्हा वाचावी आणि कोणता आकडा वाढला ते पाहावे. जीपीआयओ-कीज दाबणे आणि सोडणे या दोन्ही कडांवर इंटरप्ट घेतो, त्यामुळे एका दाबाला आकडा दोनने वाढला पाहिजे. आकडा सात-आठने वाढला तर स्विचचे धातूचे पाते थरथरत आहे. ड्रायव्हर ती थरथर गाळून वर एकच घटना पाठवतो, पण इंटरप्टच्या आकड्यात ती लपत नाही. एएक्सपीच्या ड्रायव्हरला दाबण्यासाठी आणि सोडण्यासाठी दोन वेगळे इंटरप्ट असतात आणि ते या फाइलीत वेगवेगळ्या नावांनी दिसतात, त्यामुळे तेथे प्रत्येकी एकने वाढ अपेक्षित आहे. आकडा मुळीच वाढला नाही, तर एकतर स्विच मेला आहे किंवा फर्मवेअरने पिनेविषयी चुकीची माहिती दिली आहे. आकडा वाढतो पण घटना उमटत नाही, तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे. घटना उमटते पण टॅब्लेट भलतेच वागतो, तर बहुधा वरच्या थराची मांडणी तपासायची वेळ आलेली आहे. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण सावद्याच्या टॅब्लेटने मला नेमके तेथेच फसवले.

मी कुठे चुकलो

जुना टॅब्लेट, केळीच्या चिकाने आणि धुळीने माखलेल्या हातांचा वापर, उन्हाळा. एवढे ऐकून मी बटण थरथरते असाच निष्कर्ष काढला. एका दाबाचे दोन दाब मोजले जातात, पहिल्याने यंत्र उठते आणि दुसऱ्याने झोपते, अशी माझी सोपी मांडणी होती. इव्हटेस्ट मी चालवला, पण एकाच खिडकीत, जीपीआयओ-कीजवर. तेथे एका दाबाला एकच जोडी उमटत होती, तरीही माझा हट्ट सुटला नाही.

या टॅब्लेटमधील जीपीआयओ-कीज हे यंत्र स्वतःहून उभे राहत नाही. एसओसी-बटन-अ‍ॅरे नावाचा ड्रायव्हर ते उभे करतो. हा ड्रायव्हर एसीपीआयच्या तक्त्यातून बटणांच्या पिना शोधतो आणि त्यांची जबाबदारी जीपीआयओ-कीजकडे सोपवतो. थरथर गाळण्यासाठीची मुदत त्यात ५० मिलिसेकंद लिहिलेली आहे. मी ती १०० केली, मॉड्यूल बांधले, बसवले. दोष जसाच्या तसा. दुसऱ्या संध्याकाळी ती २०० केली. आता आवाजाची बटणेही चुकू लागली, कारण चटकन दाबून सोडलेला दाब त्या मुदतीत बसेना, आणि मूळ दोष होता तिथेच होता.

वैतागून मी सगळ्या यंत्रांच्या खिडक्या एकत्र उघडल्या. एएक्सपीच्या खिडकीत ११६ ची ओळ उमटली आणि साधारण दोनशे मिलिसेकंदांनी जीपीआयओ-कीजच्या खिडकीतही उमटली. मुदत पुन्हा ५० वर आणली तेव्हा ते अंतर पन्नासच्या आसपास आले. माझ्याच चुकीच्या बदलाने दाखवून दिले की दुसरी नोंद थरथरीची नसून त्याच दाबाची आहे, आणि ती फक्त दुसऱ्या वाटेने, गाळणीतून थांबून, उशिरा पोहोचते आहे. बटणाची तार दोन्हीकडे गेलेली होती आणि दोन ड्रायव्हर एकाच दाबाची बातमी स्वतंत्रपणे देत होते.

ही परिस्थिती कर्नलला अनोळखी नाही. एएक्सपी२०एक्स-पेक या ड्रायव्हरमध्ये याच कारणासाठी एक तपासणी लिहिलेली आहे : चेरी ट्रेल या पिढीच्या यंत्रावर आयएनटीसीएफडी९ किंवा एसीपीआय००११ या ओळखीचे जीपीआयओ बटण-यंत्र आढळले, तर तो स्वतःचे इनपुट यंत्र नोंदवतच नाही, जेणेकरून दाब दोनदा कळवला जाऊ नये. आमच्या टॅब्लेटची पिढी वेगळी असल्यामुळे ती तपासणी त्याला लागू होत नव्हती.

उठणे आणि लगेच झोपणे यामागचे खरे कारण

उपाय सोपा वाटला. एएक्सपीचे मॉड्यूल मॉडप्रोब या आज्ञेने काढून टाकले. दुहेरी नोंद थांबली. टॅब्लेट झोपवला, बटण दाबले. तो उठला आणि लगेच झोपला.

यंत्र झोपेत असताना दाबलेल्या बटणाचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे "ऊठ", आणि तो अर्थ इंटरप्टमुळेच पूर्ण झालेला असतो. दुसरा म्हणजे "पॉवर कळ दाबली गेली", आणि ही बातमी वर गेली तर लॉगिनडी तिचा नेहमीचा अर्थ लावते. तेथे झोपवण्याची मांडणी असेल तर नुकतेच उठलेले यंत्र पुन्हा झोपते. दिवाणजींचे वाक्य अक्षरशः हेच सांगत होते.

या प्रश्नाकडे वेगवेगळे ड्रायव्हर वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. एसीपीआय बटणाचा ड्रायव्हर झोपेतल्या दाबाला केवळ जागे होण्याची खूण मानतो आणि वर काही कळवत नाही. एएक्सपीचा ड्रायव्हर जागे होण्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, इंटरप्ट पुन्हा सुरू होण्याच्या आधी, पीएमआयसीमधील बटणाच्या साचून राहिलेल्या इंटरप्टच्या खुणा पुसून टाकतो, म्हणजे उठवणारा दाब वर पोहोचतच नाही. जीपीआयओ-कीजचे वागणे मात्र उलट आहे. तेथे यंत्र झोपेत असल्याची खूण असेल तर इंटरप्ट येताच ड्रायव्हर मुद्दाम दाब कळवतो, कारण इंटरप्टचा कोड प्रत्यक्ष चालेपर्यंत बोट उचलले गेलेले असू शकते आणि मग दाबाची नोंदच राहणार नाही.

नवखा वाचक येथे म्हणेल की मग जीपीआयओ-कीजमधली ती अट काढून टाकावी. तसे करू नये. हा ड्रायव्हर एका टॅब्लेटचा नाही. कित्येक फोन, राउटर आणि औद्योगिक बोर्ड त्याच्यावर चालतात, आणि अँड्रॉइडसारख्या प्रणालीत कर्नल जागा झाला तरी पडदा उजळण्यासाठी वरच्या थराला कळीची बातमी लागते. आपल्या दारातला चिखल उचलून शेजाऱ्याच्या अंगणात टाकण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. दोष एका यंत्राचा असेल तर बदलही त्या यंत्रापुरताच असावा.

मग मी उलटा प्रयोग केला. एएक्सपीचे मॉड्यूल परत बसवले आणि एसओसी-बटन-अ‍ॅरे काढले. टॅब्लेट बटणावर उठला आणि उठलेलाच राहिला. परंतु आवाजाची दोन्ही बटणे मेली, कारण तीही त्याच ड्रायव्हरच्या हाती होती. म्हणजे उपाय असा हवा होता : एसओसी-बटन-अ‍ॅरे राहू द्यावा, पण त्याने पॉवर बटणाला हात लावू नये, ते काम एएक्सपीकडे राहावे.

प्रत्यक्ष बदल

कोड वाचताना आधी त्यात आपल्यासारखीच अडचण कोणी सोडवलेली आहे का हे पाहावे. एसओसी-बटन-अ‍ॅरेमध्ये बटणांचा एक तक्ता आहे. त्यातील प्रत्येक नोंदीत बटणाचे नाव, एसीपीआयमधील क्रमांक, घटनेचा कोड, बटणाने यंत्र उठवावे की नाही आणि पिनेची ध्रुवता अशी माहिती असते. पॉवरचा क्रमांक ०, होमचा १, त्यानंतर आवाजाची दोन बटणे आणि पडद्याचे फिरणे थांबवणारे कुलूप. याच फाइलीत डीएमआयवर, म्हणजे यंत्राच्या ओळखीवर, आधारित आणखी एक छोटा तक्ता आहे, ज्यात "या यंत्रावर अमुक क्रमांकाचे बटण ग्राह्य धरू नये" असे सांगता येते. तो एका टॅब्लेटच्या खोट्या होम बटणासाठी लिहिला गेला होता. नवा तर्क लिहिण्याची गरजच उरली नाही. त्या तक्त्यात आमच्या टॅब्लेटची एक नोंद वाढवून क्रमांक ० दिला की झाले. शून्य हा क्रमांक "काहीच वगळू नका" असा तर समजला जाणार नाही ना, अशी शंका मला आली. पण कोडमध्ये मूळ मूल्य उणे १ ठेवलेले आहे, त्यामुळे शून्य चालते. अशा शंका गृहीत न धरता ओळ उघडून पाहाव्यात.

डीएमआय म्हणजे फर्मवेअरने सांगितलेली यंत्राची ओळख : निर्माता, उत्पादनाचे नाव, बोर्डाचे नाव, बायॉसची तारीख. ही माहिती सिसएफएसमधील डीएमआयच्या फोल्डरमध्ये वाचता येते. स्वस्त टॅब्लेटमध्ये येथे एक सापळा असतो. अनेक कारखाने ही रकाने भरतच नाहीत आणि उत्पादनाच्या नावाच्या जागी फर्मवेअर बनवणाऱ्याने ठेवलेला "डिफॉल्ट स्ट्रिंग" किंवा "उत्पादकाने भरावे" अशा अर्थाचा ठोकळेबाज मजकूर तसाच राहतो. केवळ त्यावर जुळणी केली तर तुमचा बदल जगातल्या भलत्याच यंत्रांवर लागू होईल आणि तेथील पॉवर बटण मरेल. म्हणून बोर्डाचे नाव, बायॉसची आवृत्ती आणि तारीख अशी दोन-तीन रकाने एकत्र जुळवावीत. त्यातील एखादे जरी खरोखर वेगळे असेल तरी पुरते.

मॉड्यूल बांधताना टॅब्लेटवर चालू असलेल्या कर्नलचीच आवृत्ती आणि त्याचीच मांडणी-फाइल घ्यावी. संपूर्ण कर्नल बांधण्याची गरज नसते. ड्रायव्हर्स, इनपुट, मिस्क या फोल्डरपुरती मॉड्यूले बांधण्यास मेकला सांगता येते. तयार फाइल टॅब्लेटच्या मॉड्यूल-फोल्डरमधील अपडेट्स या उपफोल्डरमध्ये ठेवून डेपमॉड ही मॉड्यूलांची यादी नव्याने बनवणारी आज्ञा चालवावी. मूळ फाइलीवर नवी फाइल लादू नये, म्हणजे परत फिरणे सोपे राहते.

इतर दोषांविषयी थोडक्यात

पिनेची ध्रुवता उलटी असेल तर एआरएम टॅब्लेटमध्ये डिव्हाइस ट्रीमधील, म्हणजे कर्नलला यंत्राचे भाग सांगणाऱ्या वर्णन-फाइलीतील, त्या बटणाच्या नोंदीत सक्रिय-निम्न ही खूण लावावी किंवा काढावी. बटणाने यंत्र उठत नसेल तर त्याच नोंदीत वेकअप-सोर्स हा गुणधर्म आहे का ते पाहावे. थरथर गाळण्याची मुदत तेथे लिहिलेली नसेल तर जीपीआयओ-कीजच्या डिव्हाइस ट्री नोंदीत ती ५ मिलिसेकंद धरली जाते, जी झिजलेल्या स्विचला अपुरी पडते. ती २० ते ५० करून पाहण्यास हरकत नाही. मात्र आकडा त्याही पुढे वाढवावा लागत असेल तर स्विच बदलावा. गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्त करणारा कोणीही कारागीर गरम हवेच्या मशीनने ते काम थोड्या वेळात करून देतो, आणि कोडने झाकलेला झिजका स्विच सहा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतोच.

टॅब्लेट पिशवीत आपोआप जागा होऊन तापत असेल तर जागे झाल्यावर सिसएफएसच्या पॉवर फोल्डरमधील पीएम-वेकअप-आयआरक्यू ही फाइल वाचावी; कोणत्या इंटरप्टने यंत्र उठवले त्याचा क्रमांक तेथे मिळतो. पुष्कळदा त्यात पॉवर बटणाचा काही हात नसतो.

चाचणी

बदल बसवल्यावर एकदा बटण दाबून समाधान मानू नये. जागेपणी एक छोटा दाब. इव्हटेस्टमध्ये सगळ्या खिडक्या मिळून एकच जोडी उमटली पाहिजे. आवाजाची बटणे चालू आहेत ना. मग झोपवून बटणाने उठवणे, हे लागोपाठ किमान वीस वेळा, कधी झोपेच्या पहिल्याच सेकंदात आणि कधी पाच मिनिटांनी, कारण उथळ झोपेतून उठणे आणि खोल झोपेतून उठणे यांच्या वेळा वेगळ्या असतात. चार्जर जोडून एकदा, काढून एकदा.

यानंतरची चाचणी बहुतेक जण विसरतात. आरटीसीवेक या आज्ञेने टॅब्लेट तीस सेकंदांसाठी झोपवावा, घड्याळाने तो आपोआप उठू द्यावा, आणि उठताच बटण दाबावे. या वेळी तो झोपलाच पाहिजे. येथे दाब गिळला गेला तर उठवणारा दाब पुसण्याच्या नादात तुमचा बदल खरा दाबही पुसत आहे. झोपेतला दाब गाळण्यासाठी ज्यांनी "उठल्यावर एक सेकंद बटण ऐकू नका" असा काळावर आधारलेला उपाय लिहिलेला असतो, ते सगळे या एका चाचणीत उघडे पडतात. मला तसा उपाय पसंत नाही. काळाचा अंदाज एका यंत्रावर बरोबर असतो आणि दुसऱ्यावर चुकतो.

बदल खरोखर सर्वांच्या उपयोगाचा असेल तर तो कर्नलच्या मुख्य प्रवाहात पाठवावा. चेकपॅच या स्क्रिप्टने दाखवून दिलेले लिखाणातील दोष दुरुस्त करावेत, गेट-मेंटेनर या स्क्रिप्टकडून कोणाकडे पाठवायचे ते विचारून घ्यावे आणि शेवटी स्वतःच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ लिहावी. संदेशात काय बदलले यापेक्षा कोणत्या यंत्रावर, कोणत्या कृतीने, काय चुकत होते हे आधी लिहावे. दिवाणजींचे ते वाक्य मी माझ्या संदेशाच्या पहिल्या ओळीत अर्थ न बदलता घेतले. त्याहून नेमके लिहिणे मला जमले नसते.

बदल मुख्य प्रवाहात येईपर्यंत मात्र कर्नल अद्ययावत झाला की आपले मॉड्यूल मागे पडते, कारण ते जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्येच राहते. डीकेएमएस वापरला तर ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप बांधले जाते, पण पॅकहाऊसच्या टॅब्लेटवर कंपायलर ठेवणे मला पटले नाही. तेथे कर्नलचे अद्ययावतीकरण थांबवून ठेवले आहे, आणि टॅब्लेटच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर कर्नलची आवृत्ती, मॉड्यूलची तारीख आणि "बटण बिघडले तर आधी हे वाचून दाखवा" असे लिहून दिले आहे.